साडेआठ बोटांची प्रतिष्ठा

परतवाड्याच्या ज्या फर्निचर कारखान्यात मी उतारवयात लाकूडकाम शिकायला गेलो, तेथे मिस्त्रीची लायकी त्याच्या हाताला नसलेल्या बोटांवरून ठरत असे. यात अतिशयोक्ती असती तर मला बरे वाटले असते. गिऱ्हाईक यायचे, सागवानावर बोटाने टकटक करायचे आणि शेठना विचारायचे, "मिस्त्री पुराना हाये ना?" त्यावर शेठ घडवलेला एखादा दरवाजा दाखवत नसत. ते आत वळून हाक मारत, "चाचा, हात दाखवा जरा!" चाचा डावा हात वर करत. त्या हाताची तर्जनी मुळापासून नव्हती आणि मधले बोट अर्ध्यावर संपलेले होते. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर समाधान पसरे आणि चौकटीची ऑर्डर पक्की होई.

ज्या ड्रायव्हरने दोन वेळा बस पुलावरून खाली घातली, त्याच्याच गाडीत बसायचे असा हट्ट आमच्या वऱ्हाडात अद्याप कोणी धरल्याचे मी ऐकलेले नाही. लाकडाच्या बाबतीत मात्र भलेभले शहाणे हाच हट्ट धरतात आणि त्याला पारख म्हणतात. मी वीसेक वर्षे अमरावतीच्या एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. इतका उघडा तर्कदोष उत्तरपत्रिकेत सापडला असता, तर मी लाल शाईने त्याच्याभोवती वर्तुळ काढले असते. कारखान्यात मात्र मी भुसा झाडत गप्प उभा राहिलो.

गप्प राहणे हा माझा जुना दोष आहे. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर काम शिकायची इच्छा झाली, तेव्हाही मी त्या कारखान्यासमोरून तीन वेळा गेलो, समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि आत न जाताच अमरावतीची बस धरली. चौथ्या वेळी शेठनीच मला हटकले. माझे लांबलचक, नम्र वाक्य संपण्याआधीच ते हो म्हणाले. त्याचे कारण मला पुढे कळले. माझ्याकडे बोट दाखवून ते गिऱ्हाइकांना सांगत, "आपल्या इथं प्रोफेसर भुसा झाडते, मंग काम कसं असन पाहा!" दुसऱ्याची कमी झालेली बोटे आणि माझी वाढलेली पदवी, या दोन्ही गोष्टी त्यांच्या दृष्टीने दुकानाच्या पाटीचाच भाग होत्या.

कारखान्यातले मुख्य यंत्र म्हणजे लाकूड मापाने तोडायचा कटर. लोखंडी टेबल, त्याच्या मागच्या कडेला लाकूड टेकवायची उभी पट्टी, आणि वर एका दांड्याला बसवलेले गोल, दातेरी पाते. मूठ धरून खाली ओढली की पाते लाकडावर उतरते. सोडली की स्प्रिंगने परत वर जाते. आमच्या कटरची स्प्रिंग केव्हाच तुटली होती आणि तिच्या जागी सायकलच्या ट्यूबचे रबर बांधलेले होते. पात्यावर एक झाकण असते. पाते वर असताना ते दाते झाकते आणि खाली येताना आपोआप मागे सरकते. आमचे झाकण भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, खिळ्याला टांगलेले होते.

"झाकण लावलं की पातं दिसत नाही," शेठनी मला एकदा समजावले. "गिऱ्हाइकाले वाटते, खेळणं हाये. दाते दिसले पाह्यजेत, सर. दाते!"

माझी बस मला आठ वाजताच परतवाड्यात सोडत असे आणि शेठ दहाच्या आत कधी येत नसत. चाचांकडे किल्ली असे. पहिल्याच आठवड्यात मी वेळेआधी पोचलो आणि दारातच थांबलो. चाचा एकटेच कापत होते. झाकण पात्यावर बसवलेले होते. लाकूड टेबलाला शिकंज्याने आवळलेले होते आणि चाचांचा डावा हात टेबलावर नव्हताच, तो त्यांनी पाठीमागे घेतलेला होता. तुकडा तुटला. त्यांनी मूठ खालीच धरून ठेवली, बटण सोडले, पाते पूर्ण थांबेपर्यंत ओठांत काहीतरी मोजले आणि मगच ते वर जाऊ दिले.

मला पाहून ते दचकले. "पाह्यलं तं पाह्यलं," ते म्हणाले. "दहा वाजल्यावर इसरून जा."

"का, चाचा?"

"दहा वाजल्यावर माहा हात शेठचा असते."

त्यानंतर रोज सकाळी दोन तास त्यांनी मला शिकवले. शिकवताना त्यांचा आवाज दिवसभराच्या आवाजाहून वेगळा, जवळजवळ रागीट असे. बाहीचे बटण लावा. अंगठी काढा. लाकडाले बाक असला तं त्याचं पोट, म्हंजे फुगीर बाजू, पट्टीकडं ठेवा. पट्टी आन लाकडाच्या मधात उजेड दिसला तं कापू नोका, शेवटाले ते पात्याले दाबते आन उडते. तुटलेला तुकडा दोन्हीकडून कोंडू नोका, एक बाजू मोकळी पाह्यजे. वीतभराहून आखूड लाकूड हातानं धराचं नाही म्हंजे नाही.

एकदा धीर करून मी बोटांविषयी विचारले. लोकांत त्याची एक कथा प्रसिद्ध होती. मेळघाटच्या सागात कोणीतरी ठोकलेला जुना खिळा निघाला आणि पाते उसळले, अशी ती कथा.

"खिळा कायचा जी," चाचा म्हणाले. "चहा आला होता. पातं थांबाच्या आंधी लाकडाचा गुटका उचलाले गेलो. बस. आता 'चहासाठी बोटं गेली' म्हटलं तं कोन इज्जत करन? खिळा शेठनं बनवला." मग त्यांनी डाव्या हाताचा अंगठा माझ्यासमोर उभा धरला. "हा हाये तोवर रंधा धरता येते. हा गेला तं मी घरी. पोरीच्या दारात जाऊन बसाचं मंग."

त्या अंगठ्याकडे मी नंतर दिवसभर पाहत राहत असे. दहानंतर झाकण खिळ्याला जायचे, शिकंजा भिंतीकडच्या फळीखाली सरकवला जायचा आणि तोच अंगठा पात्यापासून चार बोटांवर येऊन बसायचा. गिऱ्हाइके खुर्चीतून पुढे वाकून पाहायची. माणसाच्या हाडामांसाला धोका असल्याशिवाय ज्यांना कामाचा दर्जा दिसत नाही, अशा लोकांच्या घरांची दारे आम्ही करत होतो.

स्वतःविषयीही लिहिलेच पाहिजे. मला कापण्याची परवानगी मिळाल्यावर मी पात्याच्या दोन्ही बाजूंना, एकेक वीत सोडून, टेबलावर लाल रंगाची रेघ ओढली. रेघेच्या आत हात न्यायचा नाही, एवढाच तिचा अर्थ होता. शेठनी ती पाहिली आणि रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हसले. "काय सर, मशीनले सिंदूर भरून राहिले का? लग्न लावता का तिचं?" चाचाही हसले, त्यांना हसणे भागच होते. आणि मी, ज्याने सुरक्षित अंतराची ती कल्पना सकाळी दहादा तपासली होती, ती रेघ थिनर आणि चिंधी घेऊन स्वतःच्या हाताने पुसून टाकली. कोणी पुसायला सांगितले नव्हते.

मग हिवरखेडचे ते गिऱ्हाईक आले. नवे घर, आठ चौकटी, आणि सोबत पुष्कळ ऐकीव ज्ञान. चाचांचा हात पाहूनही त्यांचे समाधान होईना. प्लास्टिकच्या खुर्चीत ऐसपैस बसून ते म्हणाले, "हात तं पाह्यला, आता कापताना पाह्याचं हाये. आमच्याकडच्या मिस्त्रीचे तीन बोटं नाहीत."

शेठना हे आव्हान वाटले. "चाचा, त्या गुटक्याच्या चकत्या काढून दाखवा. काडीपेटीएवढ्या. हातानं!"

चाचांनी एकदा फळीखाली, शिकंजा होता त्या बाजूला पाहिले. मग गुटका उचलून पट्टीला टेकवला. गुटका जेमतेम माझ्या तळहाताएवढा होता. मी मेन स्विचजवळ झाडू घेऊन उभा होतो आणि तेथून मला स्पष्ट दिसत होते की गुटक्याला बाक आहे. तो फक्त दोन टोकांनी टेकलेला होता आणि मध्ये, नेमक्या कापायच्या जागी, उजेडाची बारीक चीर होती. गिऱ्हाइकाच्या बडबडीत चाचांनी तो उलटवून पाहिला नव्हता. अंगठा पात्याखालच्या जागेपासून दोन बोटांवर होता.

मोटर सुरू झाली.

"चाचा, थांबा." दोनच शब्द लागत होते. माझ्या मनात त्याऐवजी एक निर्दोष वाक्य जुळू लागले, ज्यात शेठचा मान राखलेला होता, गिऱ्हाइकाची क्षमा मागितलेली होती आणि बाकाचा उल्लेख योग्य जागी होता. ते वाक्य पूर्ण होईना आणि मूठ खाली येऊ लागली. मी मागे हात नेला आणि मेन स्विच खाली ओढला.

पाते लाकडापासून बोटभर वर असतानाच मंदावले. पंखा थांबला.

"गेली लाइट!" शेठ ओरडले.

"इकडेही हेच का बाप्पा!" गिऱ्हाईक जवळजवळ आनंदाने म्हणाले. "आमच्या इकडे तं इचारूच नोका. परवा गहू दळाले टाकले, ते अजून चक्कीतच हायेत." आणि दोघेही विजेला शिव्या देत समोरच्या टपरीवर चहाला गेले. मी स्विचला पाठ लावून उभा होतो. इतक्या सुशिक्षित पाठीचा इतका उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता.

चाचा रस्त्याकडे पाहत होते.

"सर, समोर पंक्चरवाल्याचा पंखा फिरून राह्यला."

"हो."

"मंग आपलीच कशी गेली?"

"मी बंद केली. गुटक्याला बाक आहे."

त्यांनी गुटका डोळ्यासमोर आडवा धरून पाहिला. बराच वेळ पाहिला. "हाये खरा," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा पडला. मग ते माझ्यावर उसळले. "आन पातं लाकडात गेल्यावर बंद केली असती तं? फसलं असतं ना त्याच्यात! पुन्ना चालू केल्यावर ते लाकूड कोनाच्या तोंडावर गेलं असतं? तोंड नाही का तुमाले? इतके वर्स पोराईले कालेजात काय खुणा करून शिकवलं?"

शेठच्या मूर्खपणाचा मला तिटकारा होता, गिऱ्हाइकाच्या पारखीचा होता, आणि तो मी मनातल्या मनात उत्तम भाषेत जोपासला होता. त्या तिटकाऱ्याने चाचांचा अंगठा वाचला नव्हता. पाते थोडे वर होते, म्हणून तो वाचला होता.

शेठ परतले. "आली का लाइट?"

"सर सांगतील," चाचा म्हणाले आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

मी बोललो. भाषा वर्गातलीच निघाली. "लाइट गेली नव्हती. स्विच मी बंद केला. तो गुटका हाताने धरून कापला असता, तर उसळून चाचांचा अंगठा गेला असता. दोन बोटे गेल्याने माणूस जाणकार ठरत असेल, तर तिसरे जाण्याची आपण इथे बसून वाट पाहत आहोत, एवढाच त्याचा अर्थ होतो."

"प्रोफेसर भ्याले," गिऱ्हाईक हसले.

"सर, हे कालेज नाही," शेठ म्हणाले. ते मात्र हसले नाहीत.

चाचांनी खिळ्यावरचे झाकण काढले. कटरचा प्लग उपसून ते पात्यावर बसवले आणि स्क्रू आवळला. मग शिकंजा आणला आणि गुटका परत फळीवर टाकून त्याऐवजी हातभर लांब, सरळ तुकडा पट्टीला आवळून बसवला. प्लग लावला आणि मला स्विच चालू करायला खुणावले. त्यांनी एक चकती कापली, बटण सोडले, पाते थांबेपर्यंत वाट पाहिली आणि ती काडीपेटीएवढी चकती गिऱ्हाइकाच्या हातात ठेवली. कड काचेसारखी गुळगुळीत होती.

"सकाळी असाच कापतो मी," ते म्हणाले. "तीस वर्स झाले."

गिऱ्हाइकाने चकती उलटीसुलटी केली. "मंग ह्याच्यात पाह्याचं काय?"

"काहीच नाही."

ते उठले, कळवतो म्हणाले आणि गेले. कळवणार नाहीत, हे शेठना ठाऊक होते. त्यांनी आधी माझ्याकडे बोट केले. "सर, उद्यापासून तुमी येऊ नोका." मग ते कटरकडे वळले. "आन चाचा, ते झाकण काढा."

चाचांनी पुन्हा प्लग काढला, छिन्नी घेतली, ती स्क्रूच्या डोक्यावर टेकवली आणि हातोडीचे तीन घाव घातले. स्क्रूची खाच मिटून गेली. आता जगातला कोणताही पेचकस त्यात बसणार नव्हता.

"हे काय केलं?" शेठ किंचाळले. "पातं बदलाचं तेव्हा?"

"तेव्हा ड्रिल मारू. पातं बदलाले महिना हाये." त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सर, उद्याचं उद्या पाहू. ते लांब लाकूड तिकडून धरा. बाक कोन्या बाजूले हाये ते पाहून सांगा. तोंडानं."

मी लाकूड उचलले, एक डोळा मिटून त्याच्या कडेवरून पाहिले आणि शेठच्या देखत मोठ्याने सांगितले, "पोट पट्टीकडे नाही, चाचा. फिरवा."