पोत्यावर झाडलेले पाय

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. जे स्लाईडवर दिसत नाही, ते माझ्या लेखी नसतं. करणी, बाहेरचं, अमावास्या... कुणी असलं बोलायला लागलं की मी चहा टाकायला उठते. तरी हे लिहितेय, कारण तीन आठवडे झाले, डोक्यातून जात नाही.

माझे आई-वडील, म्हणजे अव्वा आणि अप्पा, मूळचे कर्नाटकातले. लग्न झाल्या झाल्या कामासाठी हुपरीला आले, एका खोलीत राहिले आणि जन्मभर चांदीचे पैंजण करत बसले. अव्वा कड्या जोडायची, अप्पा कानस मारायचे. आपसात दोघं कानडी बोलायचे, माझ्याशी मात्र मोडकंतोडकं मराठी. शाळेत मी परकी वाटू नये म्हणून. माझ्या मैत्रिणी त्यांच्या मराठीला हसायच्या, आणि मीही हसायचे.

खोलीच्या दारात एक पोतं असायचं. बाहेर पडणाऱ्यानं त्यावर पाय झाडायचे, चांदीचा कीस तळव्याला चिकटून जाऊ नये म्हणून. पोतं जुनं झालं की जाळून राखेतली चांदी काढायची. मी कोल्हापूरला कॉलेजला जायला लागले आणि मला त्या पोत्याची लाज वाटायला लागली. सँडल घालून थेट एसटीला पळायचे. अव्वा मागून ओरडायची, "पाय झाड की गं!" मी एकदाही वळून बघितलं नाही.

अव्वा चार महिन्यांपूर्वी गेली. मला रडू आलं नाही. लोक आले, बसले, गेले. मी कप विसळले. तू माझ्यासाठी एवढं केलंस, हे तिला कधी म्हणाले नव्हते. आता म्हणून तरी काय उपयोग, असं वाटलं आणि तेही तिथंच थांबलं.

अप्पांना मी कोल्हापुरात, कसबा बावड्याला माझ्या फ्लॅटवर आणलं. ते दिवसभर गॅलरीत बसायचे. एकदा म्हणाले, मी आपला गावाकडं जातो. कर्नाटकातल्या त्या गावात आता त्यांचं कुणीही नाही. 'राहा' म्हणायला हवं, हे मला कळत होतं. पण तोंडातून निघालं, बरं, रविवारी गाडी बघते.

रविवार, सकाळचे साडेदहा. दारात लख्ख ऊन. अप्पा पिशवी घेऊन आले आणि जुन्या सवयीनं पायपुसण्यावर पाय झाडले. उजवा, मग डावा. हिरव्या पायपुसण्यावर काहीतरी चमकलं.

वाकून चिमटीत घेतलं... कीस होता. डोळे अधू झाल्यापासून, म्हणजे आठ वर्षं, अप्पांनी कानशीला हात लावलेला नाही. या फ्लॅटमध्ये कधी ते काम झालेलं नाही. अप्पा माझ्याकडं बघत होते.

"आता तू झाड," ते म्हणाले.

हुपरी सोडून मला बावीस वर्षं झाली. मी अनवाणी होते. झाडले. माझ्या तळव्यांवरून त्यांच्यापेक्षा जास्त पडला... पायपुसण्याचा तो कोपरा पांढरा दिसायला लागला.

अप्पा खाली बसले, बोटानं कीस गोळा करत पुटपुटले, "साकु." रोज संध्याकाळी काम खाली ठेवताना अव्वा हेच म्हणायची. मी लहानपणभर ऐकलं, अर्थ कधी विचारला नाही. त्या दिवशी विचारला.

"पुरे झालं," अप्पा म्हणाले. "आजचं झालं, असं. तुला नोकरी लागली न्हवं, तवा बी तेच म्हणाली. पर त्या दिशी हसत हुती."

"अप्पा, जाऊ नगासा," मी म्हणाले. किती वर्षांनी घरचं बोलणं तोंडात आलं. तेव्हाही मला रडू आलं नाही. फक्त त्यांची पिशवी उचलून आत नेऊन ठेवली, आणि ते राहिले.

दुसऱ्या दिवशी तो कीस मी लॅबमध्ये स्लाईडवर घेतला. धातूच होता. चांदी वितळवणाऱ्या ओळखीच्या आटणीवाल्याला दाखवला, तो म्हणाला चांदीच आहे, कुठनं आणली? पिशवी नवी होती, पायपुसणं नवं होतं, फरशी आदल्या संध्याकाळी मीच पुसली होती. सगळं तपासून बघितलं. कारण सापडलं नाही, आणि सापडेल असं आता वाटतही नाही.

आता दारात पोतं टाकलंय. रोज लॅबला निघताना मी पाय झाडते. पुन्हा एक कणही पडलेला नाही. मागून कुणी ओरडत नाही, तरी जिन्यापाशी गेले की मी वळून बघते.