अक्काची लेक

अक्का गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि माझं लग्न झालेलं नव्हतं. आमच्या लोकांत तेव्हा ही गोष्ट बोलून दाखवण्यासारखी होती. ठरलेला मुलगा मानमोडीच्या तापाच्या साथीत दगावला, आणि मी पांढऱ्या पायाची म्हणून पुन्हा कुणी मागणी घातली नाही. शाळा सुटली नाही ती त्या अपशकुनामुळंच. सातवीची फायनल पास झाले. शाळेच्या मोठ्या बाईंनी स्वतः अर्ज लिहून पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात मला जागा मिळवून दिली.

अक्का, माझी थोरली बहीण, वैरागला दिलेली. दुसऱ्या बाळंतपणात बाळही गेलं आणि तीही. मागं चार वर्षांची मुलगी राहिली. तेराव्याला आम्ही सोलापुराहून गेलो. जेवणं उरकल्यावर आईनं विषय काढला.

"सख्खी मावशी असताना पोरीला सावत्र आई कशाला?"

दाजी खाली मान घालून बसले होते. वडील गिरणीत मुकादम. घरात त्यांनी कधी कुणाला काही विचारलं नव्हतं; अक्काला तर नवरा अंतरपाट दूर झाल्यावरच दिसला. त्या दिवशी मात्र ते माझ्याकडं वळून म्हणाले, "तुझं तू ठरीव बाई. उद्या मला बोल लावू नगंस."

मला त्याचा अभिमानच वाटला. वडिलांनी आपल्याला विचारलं! त्यांनी काय केलं ते पुढं कितीतरी वर्षांनी उमगलं. नाही म्हटलं तर दगडाच्या काळजाची मी, हो म्हटलं तर मर्जी माझी. त्यांचे हात दोन्हीकडून कोरडे.

मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. तिला उठवायचं नाही म्हणून मी हळू आवाजात म्हणाले, "मला पुण्याला जायचंय."

"बहिणीच्या लेकरापरास पाटी-पुस्तक मोठं झालं व्हय?" आई म्हणाली. त्यानंतर ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही.

ट्रेनिंग झालं. सोलापुरातच मुलींच्या शाळेत नोकरी लागली. आईचा राग पुरता निवळला नव्हता, म्हणून सात रस्त्याजवळ एक खोली घेऊन राहू लागले. दाजींनी चार महिन्यांतच दुसरं लग्न केलं होतं. वैरागला जायचं धाडस मला झालं नाही. वर्गात एखादी मुलगी विस्कटलेल्या केसांनी आली की मला अक्काची लेक आठवायची. तिची सावत्र आई तिला उपाशी ठेवत असेल, डागत असेल, असं मी स्वतःलाच रंगवून रंगवून सांगत राहिले. त्या बाईला मी कधी पाहिलंही नव्हतं.

मुलगी अकरा वर्षांची झाली तेव्हा मी दाजींना पत्र लिहिलं: तिला माझ्याकडं पाठवा, मी शिकवते. दाजी स्वतः मोटारीनं तिला घेऊन आले. बरोबर धपाटी होती, केसांना लावायचं तेल होतं, आणि एक निरोप. "तिला शिळी भाकर चालत न्हाय, पोटात दुखतं, असं घरातनं सांगितलंय." मी तो निरोप कानाआड केला.

पोर गुणी होती. सांगितलं तेवढं वाची, लिही. पण हसायची नाही. एकदा न्हाऊ घालताना तिच्या दंडावर जुना डाग दिसला.

"चटका कुणी दिला?"

"तवा लागला, मावशी."

"खरं सांग. भिऊ नकोस."

"खरंच तवा लागला."

मी तीन वेळा विचारलं. आज लिहितानाही लाज वाटते, पण तिनं नाव घ्यावं अशी माझी इच्छा होती.

तिसऱ्या महिन्यात एका रविवारी ती बोचकं बांधून दाराशी बसली. "मला घरी सोडा."

"तिथं कोण आहे तुझं?"

"आई हाय की."

"ती तुझी आई नाही. तुझी आई माझी बहीण होती."

"मला ती आठवत न्हाय," ती शांतपणे म्हणाली. "मला गोवर आला तवा हीच उशाला बसली. ती मारती बी. पर ती माझी हाय."

मी तिच्या थोबाडीत मारली. आईच्या माराला रडत असेल ती; मी मारल्यावर नुसती माझ्याकडं बघत राहिली. एखादा रस्त्यावरचा माणूस अंगावर आला तर बघावं तशी.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिला वैरागला पोचवलं. सावत्र आई दारात आली. माझ्याच वयाची, किडकिडीत, हात पिठानं भरलेले. पोर धावत जाऊन तिच्या कमरेला बिलगली. बाईंनी मला चहा दिला आणि समोर बसून म्हणाल्या, "तुमचं लई उपकार हायत. दोनदा जमल्यालं मोडलं हुतं माझं. तुमी न्हाय म्हणला म्हणून मला ह्ये घर घावलं."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला उत्तर देता आलं असतं.

परतीच्या वाटेवर मी स्वतःचा राग राग केला. सात वर्षं ज्याला मी पश्चात्ताप म्हणत होते त्यात निम्मा गर्वच होता. माझ्यावाचून त्या मुलीचं वाटोळं झालं असणार, हे मी धरूनच चालले होते. तसं काही झालं नव्हतं. मी नसण्यानं कुणाचंही काही अडलं नव्हतं.

तीन वर्षांनी मोडनिंबजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी तिला दिलं. लग्नाला मी गेले. मांडवात ती पाया पडायला वाकली आणि म्हणाली, "येते, बाई." शाळेतल्या मुली म्हणतात तसं. तिची आई लगेच म्हणाली, "बाई काय म्हणतीस? मावशी म्हण." पोर ओशाळून हसली. मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, सुखी राहा म्हणाले आणि दुपारच्या मोटारीनं निघाले. सोमवारी मुलींची परीक्षा होती, असं मी सर्वांना सांगितलं. परीक्षा आठवड्यानंतर होती.