पहिलं बाळंतपण माहेरी

पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला पाहिजे, हे मी म्हटलं, सुनेनं म्हटलं, आणि मुलानं समुद्रावरून फोन करून म्हटलं. नातजावईसुद्धा म्हणाला, जा, तिकडे तुझ्याकडे बघायला माणसं आहेत, मी बाळाच्या वेळेला येतो. म्हणजे नातीला बोलावलं ते सगळ्यांनी मिळून. त्यात कुणाचं काही चुकतंय असं तेव्हा वाटलं नाही. आजही मला ते धड सांगता येत नाही.

आमचं घर सिंगापुरात, सेंगकांगला. मुलगा बोटीवर इंजिनीअर, निम्मं वर्ष पाण्यावर असतो. सून पाया लेबारला ऑफिसात जाते. नात इथेच शिकली आणि मग अमेरिकेला गेली डॉक्टर व्हायला. सुई टोचणारी डॉक्टर नाही. खाऱ्या पाण्यातलं मीठ अडवायला एक बारीक पडदा असतो, तो कसा करायचा त्याचं काम ती कॉम्प्युटरवर करायची. मला तिने पिठाची चाळणी हातात घेऊन समजावलं होतं. तिला महिन्याला जे मिळायचं ते तिकडच्या सरकारचं. सरकार कॉलेजला देतं, कॉलेज तिच्या गाईडच्या सहीनं तिला देतं.

माहेरी येण्याचा मी एवढा धोसरा का लावला ते सांगते. मी चौथी शिकले. मग घरात तेंदूपत्ता कापायला हात पाहिजे होता म्हणून शाळा सुटली. लग्न करून गेले तिकडेही विड्याच. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, दिवसभर वळत बसायचं. पोट पुढे आलं की सूप मांडीवर मावत नाही, ते गुडघ्यांवर टेकवावं लागतं. मग विडी सैल होते. ठेकेदार विड्या बघायला बसायचा, सैल निघाली की छाट म्हणून बाजूला टाकायचा. पोटुशीच्या विड्या छाटच निघतात म्हणायचा, आणि पानं देणं कमी करायचा. सातव्या महिन्यानंतर देतच नसे. कुणाकडे बोलणार? बोलायला जागाच नव्हती.

पहिल्या खेपेला माझ्या आईनं मला नेलं. सव्वा महिना उठू दिलं नाही. गरम भाकरी हातात आणून द्यायची, अंगाला तेल लावायची, पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा बांधायची. आयुष्यात मी बसून खाल्लं ते तेवढंच. दुसऱ्या खेपेला आई राहिली नव्हती. बाळ झालं आणि चार दिवसांत मी सुपाशी बसले. म्हणून नातीला म्हटलं, ये बाई.

ती गाईडला विचारून आली. तो म्हणाला, तुझं काम कॉम्प्युटरवरचं आहे, खुशाल जा, तिकडून कर. इथे जेवणाच्या टेबलावर तिने लॅपटॉप मांडला. सकाळी आई ऑफिसला गेली की ही बसायची, ती दुपारपर्यंत. खिडकीखालून एलआरटीची छोटी रेल्वे जायची, ही मान वर करायची नाही. मी म्हणायची, अगं पाय वर घे, सुजतील.

"आजी, दोन मिनटं."

"तुझ्या दोन मिनटात माझा भात शिजून गार होतो."

"मग गारच खाते ला," इथल्या लोकांसारखं मागे ला लावून म्हणायची आणि हसायची.

आठवा लागला होता. एका सकाळी गाईडबरोबर बोलणं झालं. मी स्वयंपाकघरात अळीव निवडत होते. बोलणं संपलं तरी ती उठेना, म्हणून बाहेर आले. लॅपटॉप मिटलेला, आणि ही त्याच्यावर दोन्ही हात ठेवून बसलेली.

"काय गं?"

"माझं काम दुसऱ्याला दिलं. पुढच्या टर्मपासून पैसे पण बंद."

"का? तू तर रोज बसतेस."

"म्हणाले, आता तू आई होणार, तुला वेळ मिळायचा नाही. बाळाकडे बघ. वर म्हणाले, मला तुझीच काळजी वाटते."

मला एकदम सूप आठवलं. तिला पाणी दिलं.

पण ती रडली नाही. उलट ताठ झाली. "आजी, रिलॅक्स ला. तिकडे कायदा आहे. जे कॉलेज सरकारचा पैसा घेतं, त्याला बाई म्हणून कुणाला काढता येत नाही. प्रेग्नंट आहे म्हणून तर नाहीच नाही. पन्नास वर्षांपेक्षा जुना कायदा आहे."

हे ऐकून मला बरं वाटलं. आमच्या घरात देव नाहीत. भिंतीवर बुद्धाचा फोटो आहे, आणि शेजारी घटना लिहिणाऱ्यांचा. माझा मुलगा विड्या वळणाऱ्या बाईचा मुलगा असून बोटीवर इंजिनीअर झाला, तो त्या घटनेमुळे. कागदावर लिहिलेलं खरं होतं हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. लोक देवावर हवाला ठेवतात, आम्ही कायद्यावर ठेवतो. सुनेनं संध्याकाळी आल्यावर ऐकलं आणि म्हणाली, "कायद्यात आहे ना? मग मिळणार." मुलानं फोनवर तेच म्हटलं. आम्ही निवांत जेवलो.

नातीनं तक्रार लिहिली. तिकडे जाऊन उभं राहावं असं तिला वाटत होतं, पण आठवा महिना, विमानात बसू देत नाहीत. कॉलेजच्या ऑफिसातून उत्तर आलं की तुमची तक्रार मिळाली, आम्ही बोलावू. मग बाळ झालं. मुलगी. नातजावई येऊन थोडे दिवस राहून गेला, त्याला नोकरीवर जायचं होतं.

बाळंतिणीचं सगळं मी केलं. ओव्याची धुरी दिली तर छतावरचं यंत्र कोकलायला लागलं, सून खुर्चीवर चढून त्याला टॉवेलनं वारा घालते आहे, बाळ रडतंय. समोरच्या घरातली चिनी आजी पळत आली. तिला वाटलं आग लागली. मग बाळंतीण बघून हसली, आणि दुसऱ्या दिवशी आल्याचा आणि काळ्या व्हिनेगरचा रस्सा घेऊन आली. त्यांच्यातही महिनाभर बाईला बाहेर काढत नाहीत. नातीला इंग्रजीत म्हणाली, काम नंतर, बाळ आधी. नात थँक्यू आँटी म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. तेच तर तो गाईड म्हणाला होता. पण ही रस्सा घेऊन आलेली.

मग कॉलेजच्या ऑफिसाशी लॅपटॉपवर बोलायचा दिवस आला. तिकडची संध्याकाळ, आमची सकाळ. सून रजा घेऊन घरी थांबली, पण नातीनं तिला बाहेर बसवलं, म्हणाली, मम्मी, तू मधे बोलशील. मला राहू दिलं कारण बाळ माझ्या मांडीवर होतं. मला इंग्रजी येत नाही. मी नातीचा चेहरा बघत बसले.

ऑफिसातली बाई चांगली होती. बाळाला बघून तिने हात हलवला. नात बोलत होती, ती लिहून घेत होती, मान हलवत होती. मला वाटलं, जमतंय. मग त्या बाईनं काहीतरी विचारलं. नातीनं सिंगापूर म्हटलं. त्या बाईनं परत विचारलं. नातीनं परत सिंगापूर म्हटलं, या वेळी हळू. मग ती बाई बराच वेळ बोलली, आणि मधे मधे सॉरी. सॉरी मला कळतं.

बोलणं संपल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली?"

"विचारलं, हे झालं तेव्हा तू कुठे होतीस."

"घरी होतीस."

"तेच ना आजी. कायद्यात लिहिलंय, त्या देशात असलेल्या माणसाला असं वागवायचं नाही. आणि मी त्या देशात नव्हते."

"पण कॉलेज तर तिकडेच आहे. पैसा तिकडचा, तो माणूस तिकडचा."

"हो."

"मग?"

"मी इकडे होते."

"तिला सांग, बाळंतपणाला आजीनं बोलावलं म्हणून."

"सांगितलं." तिने बाळाला माझ्याकडून घेतलं. "त्यांच्या कायद्यात आजी नाहीये."

सून दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. मी इतक्या वर्षांत तिला जमिनीवर बसलेलं बघितलं नव्हतं.

दोन दिवसांनी मुलाचा फोन लागला. तो कुठल्यातरी बंदराबाहेर होता. नातीनं सांगितलं, त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाळा, आमची बोट ज्या देशाचा झेंडा लावते, त्या देशाचा कायदा बोटीवर चालतो. बोट आफ्रिकेला जाऊ दे, चीनला जाऊ दे. खलाशाचा हात तुटला तर झेंड्याचा कायदा त्याच्याबरोबर असतो. तुझ्या कॉलेजचा कायदा तुझ्याबरोबर का येत नाही?"

"पप्पा, माझ्यावर झेंडा नाहीये."

तो कामावर जायचं म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

सुनेनं इथल्या सरकारी ऑफिसातही विचारून बघितलं. इथले म्हणाले, पैसे देणारा इथला नाही, आम्ही काय करणार. तेही खरंच. कॉलेज म्हणालं, कायद्यात नाही बसत, पण आमच्या स्वतःच्या नियमांत काही होतं का बघू. बघू म्हणाले त्यालाही आता बरेच दिवस झाले. नात रोज सकाळी मेल उघडते. मी विचारत नाही. उघडल्यावर ती बाळाच्या कपड्यांच्या घड्या करायला घेते, त्यावरून मला कळतं.

एकदाच तिने मला विचारलं. मी तिच्या पाठीला तेल लावत होते, तोंड पलीकडे होतं म्हणून विचारलं असेल. "आजी, मी तिकडेच थांबले असते तर?"

तिकडे तिला तेल कुणी लावलं असतं? गरम कुणी दिलं असतं? आणि तिचं काम राहिलं असतं. दोन्ही माझ्या डोक्यात एकदम आलं. मी हात चालू ठेवले.

परवा तिच्या जागेवर घेतलेल्या विद्यार्थ्याचा निरोप आला. तिने केलेलं काम त्याच्याकडे दिलंय, पण त्याला ते चालवता येईना. ताई जरा समजावता का, अशा अर्थाचं अदबीनं लिहिलं होतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. सांगते त्याला."

"तू का सांगायचं?"

"त्याने काय केलंय आजी? आणि नाही सांगितलं तर तो सगळं चुकवून ठेवेल."

बाळ अंगावर पीत होतं. एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं नात टाइप करायला लागली, एकेक अक्षर. मी पट्टा बांधायला आले होते. तिने बसल्या जागी हात वर केला, नजर पडद्यावरच. मी पट्टा पोटाभोवती घेतला आणि मागे गाठ मारली. घट्ट झाला का विचारलं, तर म्हणाली, दोन मिनटं, आजी. मी स्वयंपाकघरात भात वाढायला गेले नाही. तिथेच बाळाच्या डोक्याखाली हात धरून उभी राहिले, तेवढा तरी तिचा बाळाला धरलेला हात मोकळा होईल म्हणून.