मावशीनं कालवलेला दहीभात

आमच्या खाणावळीतल्या मावशीइतकं प्रेमळ माणूस मी उभ्या जन्मात पाहिलं नाही, आणि तिच्याइतकं धोक्याचंही. तेव्हा पिंपरीत जिकडंतिकडं कारखान्यांच्या भिंती उठत होत्या आणि आम्ही गावोगावचे सडेफटिंग एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारच्या पडवीत दोन वेळा जेवत होतो. रांधायला कोकणातून आलेली ही मावशी. चमचा म्हणजे तिच्या मते आळशी बायकांचं साधन. जेवणाच्या शेवटी प्रत्येकाच्या ताटातला दहीभात ती स्वतःच्या हातानं कालवायची. एकदा मी म्हणालो, "मावशी, माझा मी कालवतो." "गप मेल्या! तुझी आई इथं असती तर असा बोलला असतास?" झालं! अठ्ठावीस वर्षांचा हा घोडा मुकाट्यानं गोळे गिळू लागला. सगळ्यात मोठा गोळा माझा, याचा मला गर्वही होता.

मग ताप आला. साधा नव्हे, मुदतीचा. आधी मी आडवा झालो, मग अर्धी पडवी. मावशी मीठ-मिरच्यांनी आमची दृष्ट काढायची, आणि कुणाचा ताप जरा उतरला की दहीभात घेऊन उशाशी हजर. साताऱ्याचा एक फिटर मात्र त्यातून उठला नाही. मावशी आठवडाभर रडत होती.

"मावशे, तुला कसं कंदी काय व्हत न्हाई?" पडवीच्या मालकानं, त्या शेतकऱ्यानं विचारलं.

"ताप मला भितो! लहानपणी एकदा आला, महिनाभर राहिला, परत तोंड नाही दाखवलं."

आम्ही हसलो. कारखान्याचे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांच्या तपासण्या केल्या आणि आठ दिवसांनी ऐन जेवणाच्या वेळी पडवीत येऊन म्हणाले, "बाई, तो ताप गेलेलाच नाही. तुमच्या पोटात मुक्कामाला आहे. तुम्हाला काही करत नाही, पण तुमच्या हातून अन्नात जातो. आजपासून रांधणं बंद."

माझा घास हातातच राहिला. "डॉक्टर, या हातानं आम्हाला जगवलंय!" असं गरजत मी उठलो, आणि तापानं पोकळ झालेले गुडघे दुमडून तिथंच बसलो. एरवी या प्रकारावर पडवी खदखदली असती.

मावशी आपल्या हातांकडं बघत होती. "म्हणजे तो साताऱ्याचा... त्याला मी शेवटपर्यंत भरवत होते हो."



दुसऱ्या दिवशी काखेत बोचकं मारून ती माझ्या खोलीशी आली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. मी ताटावर बसलो होतो. "कालव," ती म्हणाली. मी कालवू लागलो. "मीठ घाल. आणखी. अरे, हलक्या हातानं!" शेवटचं शीत संपेपर्यंत ती तिथंच उभी होती, दोन्ही हात पदराखाली घट्ट गुंडाळून. मग "येते" म्हणाली आणि गेली.

आता घरात चमचे आहेत, बायको आहे, तरी दहीभात माझा मीच कालवतो. मीठ घालतो आणि उगाच उंबऱ्याकडं बघतो. आणखी घालू का, ते कुणी सांगत नाही.