वन्संचं तोंडाचं शिक्षण

आमच्या वन्संनी आजवर कुणाचाही चेहरा पुरता पाहिलेला नाही. त्यांची नजर समोरच्याच्या ओठांपाशी येऊन थांबते, दार उघडायची वाट बघते, आणि माणूस हसला किंवा त्याने जांभई दिली की आत शिरते. नाक, डोळे, कपाळ ही सगळी दातांच्या आधारासाठी केलेली बांधकामं आहेत, असं त्यांचं मत असावं. दोह्यातल्या बिन महमूद भागातल्या आमच्या इमारतीचा वॉचमन त्यांच्या लेखी ‘आडवा सुळा’ आहे आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाई ‘दोन क्राउन’. मला बघायला सासरची मंडळी आली होती तेव्हा वन्संनी सासूबाईंच्या कानात काहीतरी सांगितलं होतं. मुलगी पसंत आहे असं म्हणाल्या असतील, म्हणून मी रीतसर लाजले. पुढे कळलं, त्या म्हणाल्या होत्या, “समोरच्या दोन दातांत फट आहे, पण हिरड्या चांगल्या आहेत.”

हल्ली नणंदेला वन्सं कुणी म्हणत नाही. मी म्हणते, कारण नावाने हाक मारायला त्या वयाने मोठ्या आहेत आणि ताई म्हणण्याइतकं प्रेम लग्नानंतरची काही वर्षं माझ्याकडे नव्हतं. स्वतःचं लग्न त्यांनी केलं नाही. मिरजेला असताना स्थळं आली होती. एकाच्या दातांवर डाग होते, एकाचा जबडा पुढे होता, आणि तिसरा, जो घरात सगळ्यांना आवडला होता, तो बिस्किट एकाच बाजूने चावत होता. “म्हणजे दुसऱ्या बाजूला काहीतरी लपवतोय,” असं वन्सं म्हणाल्या आणि विषय संपला. मग त्या दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस झाल्या, तिथून दोह्यात आल्या आणि मदिनत खलीफातल्या एका क्लिनिकमध्ये अठरा वर्षं पेशंटच्या तोंडात थुंकी ओढायची नळी धरून उभ्या राहिल्या.

पदवी घ्यायचं त्यांच्या डोक्यात शिरलं ते त्या नळीपायीच. एका म्हाताऱ्या पेशंटबाईंनी हिरड्यांतून रक्त का येतं म्हणून विचारलं आणि वन्सं सांगू लागल्या. नुकतेच रुजू झालेले तरुण डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, यू जस्ट होल्ड द सक्शन.” वन्संनी नळी धरली. शुक्रवारी आमच्याकडे जेवायला आल्या, आमटीभात जेवल्या, चूळ भरली आणि म्हणाल्या, “मी ओरल हेल्थ थेरपीची पदवी घेणार आहे. चार वर्षांची.” तेव्हा त्यांना सेहेचाळिसावं वर्ष चालू होतं.

माझा नवरा घाबरत म्हणाला, “ताई, आता?”

“मग कधी? कवळी लागल्यावर?”

ही विद्या म्हणजे काय, ते मला त्या दिवशीच समजावण्यात आलं. दात साफ करायचे, हिरड्या राखायच्या, मुलांच्या किडलेल्या दाढा भरायच्या, आणि लोकांना त्यांच्या चुका सांगायच्या. यातला शेवटचा भाग वन्सं पदवीवाचूनच पंचवीस वर्षं करत होत्या, तेव्हा विद्यापीठाने निदान पहिलं वर्ष तरी माफ करायला हरकत नव्हती. क्लिनिकने संध्याकाळची पाळी दिली, आणि पदवी वेळेत मिळाली तर नव्या खुर्चीवर थेरपिस्ट म्हणून तुम्हीच, असंही सांगितलं. अभ्यासाला शांतता हवी म्हणून त्या क्लिनिकची खोली सोडून आमच्याकडे राहायला आल्या. त्यांची शांतता आली आणि आमची गेली.

विद्यापीठाकडून एक प्लास्टिकचा जबडा मिळाला होता, बत्तीस दातांचा, मागे बिजागरी असलेला. त्यावर नेलपॉलिश लावून वाळवायचं आणि दातांवरचं किटण समजून ते हत्याराने खरवडायचं, असा सराव असतो. नेलपॉलिश अर्थातच माझं. भाचीच्या लग्नासाठी आणलेली गर्द मरून बाटली मी एकदाही न लावता संपली, आणि जबडा मात्र महिनाभर नवरीसारखा सजून जेवणाच्या टेबलावर बसला होता. माझी मुलगी इंग्रजी शाळेत जाते. तिला मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. तिने एकदा ब्रश करण्यावरून धीर गोळा करून सांगितलं, “आत्या, इट्स माय लाइफ.” वन्सं म्हणाल्या, “लाइफ तुझंच आहे गं. पण ही दाढ एकदाच येते आणि म्हातारपणापर्यंत पुरवायची असते. उघड.” मुलीने तोंड उघडलं. आमच्या घरात इंग्रजीला उत्तर सापडलं ते त्या एकाच वेळी.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची गोष्ट दोह्यातल्या मराठी बायका अजून सांगतात, माझ्यासमोर नाही एवढंच. मी पंधराजणींना बोलावलं होतं. तिळगूळ झाला, वाण म्हणून वन्संच्या आग्रहाने मऊ ब्रश वाटले, आणि मग त्यांनी ताटलीतून प्रत्येकीला एकेक लाल गोळी दिली. “चघळा,” म्हणाल्या. पाचक असेल असं समजून सगळ्यांनी चघळली. ती गोळी दातांवर जिथे घाण राहिली असेल तिथे रंग चढवते. दहा मिनिटांत माझ्या दिवाणखान्यात पंधरा बायका लालभडक दातांनी एकमेकींकडे बघत बसल्या आणि वन्सं आरसा फिरवत प्रत्येकीला तिचा नकाशा समजावून सांगू लागल्या. इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षीणबाई पर्स तोंडासमोर धरून लिफ्टमध्ये शिरल्या, आणि वर्षभर माझ्याकडे पाहून हसल्या नाहीत. मी हे वन्संना ऐकवलं, तर त्या विचारात पडून म्हणाल्या, “हसायला हवं होतं. मागच्या दाढा बघायच्या राहिल्यात.”

वर्गात त्या सगळ्यांत मोठ्या. बाकीच्या मुली एकोणीस-वीस वर्षांच्या, निम्म्या इथल्या, निम्म्या जगभरच्या. त्या यांना ‘खालती’ म्हणत, म्हणजे अरबीत मावशी. मुलींनी यांना संगणकावर स्लाइड करायला शिकवलं, यांनी मुलींना घाबरलेल्या पेशंटचा जबडा कसा धरायचा ते शिकवलं. लेखी कामात मात्र एक अडचण होती. प्रत्येक पेशंटनंतर स्वतःच्या भावनांवर टिपण लिहायचं असे. वन्संनी लिहिलं, पेशंटच्या हिरड्या सुजल्या होत्या. शिकवणाऱ्या बाईंनी शेरा मारला, ते ठीक, पण तुम्हाला काय वाटलं? वन्सं तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. “मला काय वाटायचंय? सूज त्याला होती.” मग ती टिपणं मी लिहून देऊ लागले. वन्संच्या भावना कशा असाव्यात, याचा तीन वर्षं मी इतका विचार केला आहे की खुद्द त्यांनी तेवढा केला नसेल.

शेवटच्या सत्राच्या परीक्षेला पेशंट विद्यार्थ्यानेच शोधून आणायचा असतो, आणि साधासुधा चालत नाही. त्याच्या दातांवर हिरडीच्या खालपर्यंत घट्ट किटण हवं, तेही ठरलेल्या दातांवर. जन्मभर निर्दोष तोंड शोधणाऱ्या बाईवर आता सर्वांत वाईट तोंड शोधायची पाळी आली. महिनाभर शोध चालला. शेवटी माझ्या नवऱ्याच्या कंपनीतला एक वेल्डर सापडला, अंकुश नावाचा, बीडकडचा, बिरकत अल अवामेरच्या कामगारांच्या कॅम्पात राहणारा. वन्संनी त्याला भर दुपारी गाडीच्या बॉनेटला टेकवलं आणि तोंड उघडायला लावलं. परत आल्या त्या एखादं स्थळ जमल्यासारख्या. “अगं, बारा दातांवर किटण. असं तोंड शोधून सापडायचं नाही.” अंकुश बिचारा माझ्या नवऱ्याला म्हणाला होता, “सायेब, आमच्या घरी बी कुणी एवढं कौतुक केलं न्हाई माझं.”

परीक्षा गुरुवारी होती. रविवारी त्याला विद्यापीठाच्या दवाखान्यात आधीच्या तपासणीसाठी नेलं. दातांना हात लावण्यापूर्वी ओठ, गाल, जीभ बघायची, असा नियम आहे. वन्संनी गाल बाहेर ओढला आणि हात तसाच ठेवला. डाव्या गालाच्या आत एक जाड पांढरा चट्टा होता. बोटाला खरखरीत लागत होता. त्यांनी बाईंना बोलावलं. बाईंनी पाहिलं आणि सांगितलं, दात राहू देत, आधी याला मोठ्या रुग्णालयात पाठवा.

अंकुश म्हणाला, “ताई, ते जुनंच हाय. तंबाखू तिथंच धरतो ना मी. दुखत तर न्हाई.”

“दुखत नाही म्हणूनच जायचं.”

“तुमची परीक्षा होऊ द्या की. मग बघू. कंपनीला कळलं तर घरी पाठवतील मला.”

वन्सं म्हणाल्या, “घरी जायलासुद्धा माणूस शिल्लक लागतो, अंकुश.”

रुग्णालयाने वेळ दिली ती गुरुवारी सकाळची. माझा नवरा म्हणाला, मी रजा काढून त्याला नेतो, ताई, तू दुसरा पेशंट घेऊन परीक्षेला जा. वर्गातल्या एका मुलीने आपला जादाचा पेशंट देऊही केला होता. सगळं जुळत होतं. पण वन्संनी मान हलवली. “तू त्याचा साहेब आहेस. तुझ्यासमोर तो डॉक्टरांना म्हणेल, मला काही नाही, आणि तुम्ही दोघं चहा पिऊन परत याल.”

मी त्या दिवशी फार बोलले. चार वर्षं, माझं नेलपॉलिश, माझं हळदीकुंकू, क्लिनिकने राखून ठेवलेली खुर्ची, पन्नाशीची बाई, सगळं काढलं. चांगुलपणाचा झटका यायला परीक्षेचाच मुहूर्त बरा सापडला, असंही म्हणाले. वन्संनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “झालं बोलून? जीभ बघू. पांढरी पडलीय.”

गुरुवारी आठ वाजता त्यांचा वर्ग परीक्षेला बसला, आणि वन्सं रुग्णालयातल्या खुर्चीत अंकुशच्या शेजारी, त्याच्या मराठीचं इंग्रजी आणि डॉक्टरांच्या इंग्रजीचं मराठी करत. गालाचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता, पण व्हायच्या वाटेवर होता. तो भाग काढून टाकला. कंपनीने त्याला घरी पाठवलं नाही, महिनाभर हलकं काम दिलं. तंबाखू त्याने तीनदा सोडली, तिसऱ्यांदा ती सुटली.

क्लिनिकची खुर्ची दुसऱ्या मुलीला मिळाली. वर्गातल्या मुली पदवीच्या टोप्या उडवून पुढे निघून गेल्या. वन्संनी त्यांचा फोटो फोनवर मोठा करून प्रत्येकीचे दात पाहिले आणि फोन ठेवून दिला. मी चहा केला. त्या म्हणाल्या, साखर कमी घाल. परीक्षा सहा महिन्यांनी पुन्हा देता येणार होती.

आता पुन्हा पेशंटचा प्रश्न. पण वन्संनी ओळखीपाळखीतली तोंडं इतकी धाकात ठेवली होती की किटण उरलेलं नव्हतं. मग एकदा जेवताना नवऱ्याच्या कुठल्यातरी बोलण्यावर मी तोंड उघडून हसले आणि समोर वन्संचा घास हातातच थांबला. खरं सांगायचं तर, सासरच्या माणसांसमोर तोंड उघडायचं नाही हा नियम मी एवढ्या एकाच बाबतीत पाळला होता. घरात चार वर्षं दंतविद्या नांदत असताना मी हट्टाने कुणालाही दात दाखवले नव्हते.

“किती वर्षं झाली साफ करून?” त्यांनी फार हळू विचारलं.

“नऊ.”

वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं होतं.

परीक्षेच्या सकाळी मी खुर्चीत आडवी होते आणि वर दिवा होता. वन्संनी मास्क लावला. त्यांचा चेहरा मी रोज बघते, पण नुसते डोळे असे उलटे, इतक्या जवळून, कधी पाहिले नव्हते. परीक्षक बाई वहीत काही लिहीत मागे उभ्या होत्या. मला भूल द्यायची सुई त्यांनी उचलली, एकदा ट्रेमध्ये परत ठेवली, पुन्हा उचलली. मग माझा गाल दोन बोटांनी धरला. सुई कधी गेली ते मला कळलंही नाही. पुढचा दीड तास त्या एकेक दात खरवडत होत्या. मी हललेही नाही. सासरी आल्यापासून माझ्या गालाला इतक्या जपून कुणी हात लावला नव्हता, आणि हे कळायला मला अठरा वर्षं आणि एक परीक्षा लागली होती.

परीक्षक बाईंनी आरसा घालून एकेक दात पाहिला, वहीवर सही केली आणि म्हणाल्या, “खलास. मब्रूक,” म्हणजे झालं, अभिनंदन. वन्संनी मास्क खाली केला. मला काहीतरी म्हणायचं होतं. टोमणा नव्हे, दुसरं काहीतरी, नेमके शब्दसुद्धा जमले होते. पण अर्धं तोंड बधिर होतं, ओठ हलेना, आणि हनुवटीवरून लाळ ओघळत होती. वन्संनी ती रुमालाने टिपली. “दोन तास बोलू नकोस,” म्हणाल्या, “जीभ चावली जाते.”

बधिरपणा उतरला तेव्हा त्या कागदपत्रांसाठी निघून गेल्या होत्या. मग नोकरी मिळाली ती उत्तरेला अल खोरला, शाळकरी मुलांच्या दातांची. तिथेच त्या राहायला गेल्या. आता फोन येतो तो शुक्रवारी. दर वेळी वाटतं, आज ते बोलून टाकावं. पण सुरुवात करायच्या आत त्या विचारतात, “दातांमधून रोज दोरा फिरवतेस ना?” मी हो म्हणते. ते खोटं आहे हे त्यांना माझ्या आवाजावरून कळतं. त्या रागावत नाहीत, दोरा कसा धरायचा ते पुन्हा सांगतात. मी ऐकून घेते, आणि मग आम्ही हवा किती तापली आहे त्यावर बोलतो.