मालाबोनमधला एक पोगी

प्रमाणित करण्यात येते की, श्री. अनाक्लेतो विल्याफ्लोर, वय एकाहत्तर, विधुर, निवृत्त बोटदुरुस्ती कारागीर, हे फिलिपिन्समधील मालाबोनच्या या वस्तीचे कायम रहिवासी असून त्यांची वर्तणूक चांगली आहे. सदर इसम परिसरात सर्वांस परिचित आहेत.

ज्येष्ठांच्या सवलतीसाठी वस्तीच्या कार्यालयातून असा दाखला मिळतो. त्यात दिसण्याचा रकाना नसतो. तो रकाना आमच्याकडे बाजार भरतो.

बघत राहावं अशा पुरुषाला आम्ही पोगी म्हणतो. शब्द आला कुठून, यावर न्हाव्याच्या दुकानात अजून एकमत नाही. निवृत्त मास्तरांचं म्हणणं असं की स्पॅनिश लोक गेले, त्यांचा 'ग्वापो', म्हणजे देखणा, मागे राहिला. आमच्या पोरांनी तो उलटा टांगला आणि खाली पोगी पडला. न्हावी म्हणतो, "टांगून बघू या का मास्तर, तुम्हालाही?" मूळ काही असो, बाजारात अर्थ एवढाच: पुरुष, खिशात पैसे, थांबण्याची शक्यता.

हे अनाक्लेतोलाही ठाऊक होतं. पण बायको रेमेदियोस गेल्यावर त्याने ते मनावर न घ्यायचं ठरवलं. मुलगा कॅनडात. फोन केला की तो बर्फ दाखवायचा. दिवसभरात याला कोणी हाक मारली तर ती मासेवाल्या पासिंगने. "ए पोगी, बांगूस बघ, तुझ्यासारखाच ताजाय!" इस्त्रीचा शर्ट घालून तो जायचा, एक लहान बांगूस घ्यायचा आणि घरी येऊन रेडिओ लावायचा.

मग एके दिवशी पासिंगच्या जागी तिची सून बसलेली. रोवेना.

"बोला आजोबा, काय देऊ?"

त्याने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

त्या आठवड्यात त्याने केस काळे करून घेतले.

"अगं बाई! आजोबा, डोक्यावर शाईचं माकूळ फोडलं की काय?"

कोळंबीवाल्या पोट धरून हसल्या. हसणं ओसरल्यावर त्याने विचारलं, "पासिंग कुठंय?"

"सासूबाई घरीच असतात आता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तसं वर्षभर त्यांना धड दिसतच नव्हतं, अंदाजाने विकायच्या."

हे ऐकून दुसरा कोणी घरी गेला असता. याने संत्री घेतली.

पासिंग दारात खुर्ची टाकून बसली होती. पावलं ऐकून म्हणाली, "ये पोगी, बस."

तो बसला. बऱ्याच दिवसांनी त्याला पाठ टेकून बसता आलं. तेवढ्यात पाण्याचा कॅनवाला आला. "ये पोगी, आत ठेव," ती त्यालाही म्हणाली, त्याच आवाजात, तेवढ्याच मायेने.

कॅनवाला गेल्यावर तिने मान इकडे वळवली. "आणि तू कोण रे बाबा?"

"मी... पोगी."

"ते झालंच. पण कुठला?"

त्याने विचार केला. "रोज एक बांगूस न्यायचो. लहान."

"लहान नेणारे ढीगभर आहेत रे."

तेव्हा त्याने नाव सांगितलं, आडनावासकट. पासिंगने ते दोनदा पुटपुटून पाहिलं. या नावाचा माणूस तिला माहीत नव्हता.