चर्चमागची खोली

"आजबी तेच सांगनार का ही?"

मागच्या बाकावरच्या काकू शेजारणीच्या कानात म्हणाल्या. मी नुकतीच उभी राहिले होते. लाईट गेल्यामुळे पंखे बंद होते, म्हणून मला ऐकू आलं. शेजारीण म्हणाली, "पायी निगालाय म्हनं. मानूस हाय का कासव?" दोघी तोंडाला पदर लावून हसल्या.

आमच्या चर्चमध्ये उपदेशाआधी ज्याला प्रार्थनेची विनंती करायची असेल त्यानं उभं राहून सांगायचं असतं. मग सगळी मंडळी त्यासाठी प्रार्थना करते. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन असतं, कुणाच्या मुलीचं लग्न जमत नसतं. माझी विनंती माझ्या शेजारी बसलेल्या बाईची असायची. ती सुदानची. ज्वारीवर शिकायला परभणीच्या कृषी विद्यापीठात आली होती. शिक्षण संपलं तेव्हा तिकडे युद्ध चालू होतं. हॉस्टेल सोडावं लागलं आणि परत जायला घर उरलं नव्हतं. तिला मराठी येत नाही. मंडळीत इंग्रजी बोलायला कुणी पुढे येईना. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. खरं तर मी कुठल्याच भाषेत फारसं बोलत नाही. दर रविवारी मी पुटपुटायचे आणि पाळकसाहेब तेच माईकवरून मोठ्यानं सांगायचे.

तिचा नवरा जळणाऱ्या शहरातून सरहद्दीकडे चालत निघाला होता. तो इथे पोहोचला की पुढचं दोघांनी मिळून ठरवायचं होतं. म्हणून पाळकसाहेबांनी चर्चमागची खोली तिच्यासाठी उघडली. नाताळचा चांदणीचा सांगाडा आणि मोडके बाक त्यांनी स्वतः बाहेर काढले. कमिटीनं तेव्हाच सांगितलं होतं, नवरा येईपर्यंत राहा. बायकांनी साड्या आणल्या, पोळ्या आणल्या, भात आणला. भाकरी कुणीच आणली नाही. परदेशी पाहुणीला भाकरी कशी वाढायची? शेवटी तिनंच मला हळूच विचारलं, तुमच्या घरी ज्वारीचं पीठ नसतं का? त्यांच्याकडे ते आंबवून तव्यावर पातळ पसरतात. मी घरच्या डब्यातलं पीठ नेलं, तर ती डब्यात तोंड घालून कितीतरी वेळ उभी राहिली.

इथे यायच्या आधी ती दिल्लीला निर्वासितांच्या कार्यालयात जाऊन आली होती. तिथे तिला एक कार्ड मिळालं. राहायला मिळाली ती खोली इतकी भरलेली, की बायका पाळीपाळीनं झोपायच्या. काम नाही. रस्त्यावरची माणसं तिच्या रंगावरून काहीबाही बोलायची. ती परभणीला परत आली. इथे निदान ज्वारी आहे, असं मला म्हणाली होती आणि हसली होती.

मागच्या रविवारी पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. बाहेरगावचे उपदेशक यायचे आहेत, कमिटीला खोली हवी आहे. नवरा येणार असेल तर काही प्रश्न नाही, त्यांना आपण दुसरीकडे उतरवू. पण येणार नसेल, तर तिला तिकीट काढून दिल्लीला पाठवलेलं बरं, तिथे तिची माणसं आहेत. हे सगळं ते जमिनीकडे बघत बोलले. वाईट माणूस नाही तो. मी ते तिला जसंच्या तसं सांगितलं.

गुरुवारी गेले तेव्हा ती तव्यावर पीठ पसरत होती. भावाचा फोन आला होता, म्हणाली. सरहद्दीजवळच्या एका शाळेत माणसं कोंबली होती, तिथे नवरा गेला. गोळीनं नाही, तापानं. औषध नव्हतं. तिथेच पुरला. हे सांगताना ती बोटांनी तव्यावरची कड सोडवत होती. मग म्हणाली, रविवारी नेहमीसारखं तेच सांग. मी का म्हणून विचारलं, तर तिनं नुसती मान वर करून खोलीवरून नजर फिरवली.

तीन दिवस मी विचार करत राहिले. खरं सांगितलं तर मंडळी रडेल, याची मला खात्री होती. मागच्या काकू सगळ्यांत जास्त रडल्या असत्या. चार दिवस कुणी तिची चूल पेटू दिली नसती, साड्याही आणखी आल्या असत्या. आणि मग तिकीट आलं असतं. खोटं सांगितलं तर ती राहील. पण किती दिवस? नाताळपर्यंत? त्याच्या पुढे काय, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. देवाला माहीत असेल, पण त्याच्याकडे आम्ही मेलेल्या माणसाची वाट मोकळी करून मागणार होतो.

आज ती खाली मान घालून बसली होती. सुजलेले डोळे दिसू नयेत म्हणून काजळ घातलं होतं. माझ्या वाक्यांतलं तिला काहीच कळत नाही, फक्त त्याचं नाव कळतं. दर रविवारी ते नाव येईपर्यंत ती साडीचा काठ चुरगाळत राहते आणि नाव आलं की हात थांबतो. आजही काठ बोटांत होता.

"माईक बंद आहे, बाळा," पाळकसाहेब पुढून म्हणाले. "जरा मोठ्यानं सांग."

दुसऱ्या बाजूला बसलेल्या माझ्या आईनं माझी ओढणी ओढली. मी आधी त्याचं नाव घेतलं. काठावरचा हात थांबला. मग शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी म्हणाले,

"तो अजून वाटेत आहे. तो येईपर्यंत प्रार्थना करा."